परदेशाची रंगीत तालीम

मी एकटी परदेशात जाणार आहे, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा आमचे हे खालचा जबडा घासत होते. ते घासतच राहिले. गैरसमज नको, जबडा दुसऱ्या कुणाचा तरी होता. आमचे हे दातांच्या कवळ्या बनवतात आणि घराची पुढची खोली हेच त्यांचं वर्कशॉप आहे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. घरात इतकी तोंडं असूनही बोलायचं काम एकट्या माझ्यावर पडतं. त्यांनी जबडा उजेडात धरला, एक दात आणखी जरासा घासला आणि "हं" म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात या "हं"चे बरेच प्रकार माझ्या ओळखीचे झाले आहेत. हा होकाराचा होता.

ते बरोबर येण्याचा प्रश्नच नव्हता. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी त्यांना गरगरतं, विमान तर लांबच राहिलं. आणि खरं सांगायचं तर मला बरोबर कुणी नकोच होतं. मला एक मोठं शहर हवं होतं, त्यात एक लहानशी खोली हवी होती आणि त्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये हवी होती. सकाळी बाहेर पडायचं, भुयारी रेल्वेने वाटेल तिथे उतरायचं, पाय दुखले की बाकावर बसायचं आणि संध्याकाळी परत येऊन आपल्या हाताने आपलं कुलूप उघडायचं. आमच्या घराला कुलूपच लागत नाही. हे कायम आत, जबड्यांच्या मागे. लग्न झाल्यापासून मी बेल वाजवते आणि कुणीतरी मला आत घेतं. माझी तक्रार नाही. पण कुलूप उघडताना कसं वाटतं हे एकदा बघायचं होतं.

शहर निवडायला मला क्षणही लागला नाही. मी रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. सुरक्षा अधिकारी म्हणजे फाटकावर बसून शिट्टी मारणारा माणूस, असं आमच्या अर्ध्या नातेवाइकांना अजून वाटतं. प्रत्यक्षात, आग लागली तर काय करायचं हे लोकांना आग लागायच्या आधी शिकवणं हे माझं काम. आणि हे शहर एकदा जवळजवळ अख्खं जळून पुन्हा नव्याने उभं राहिलेलं आहे. तिथे अग्निशमन दलाचं एक तीन मजली संग्रहालय आहे, ज्यात जुने बंब, चामड्याच्या बादल्या आणि घसरून खाली यायचे पितळी खांब ठेवले आहेत. फोटो पाहता पाहता माझा चहा दोनदा गार झाला होता.

ट्रॅव्हल एजंटला मात्र हे पटेना. त्याच्याकडे नऊ देशांची सहल होती, सकाळचा चहा एका देशात आणि दुपारचा दुसऱ्यात. एकाच शहरात मुक्काम करायचा म्हटल्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली आणि तिकडे माझं कुणी आजारी आहे का, असं अगदी हळू आवाजात विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा आणखी पडला. मग त्याने मला दोनदा चहा पाजला, नऊ देशांचं रंगीत पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलं आणि अखेर मनाविरुद्ध एका शहराचं, एका माणसाचं तिकीट काढून दिलं. निघताना म्हणाला, विचार बदलला तर सांगा, शेजारची सीट अजून रिकामी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे माझ्या मुळावर येणार होतं.

बातमी इमारतीत पसरायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. वरच्या मजल्यावर पायलटची आई राहते. मुलगा मालवाहू विमान चालवतो, पण विमानाबद्दलचा शेवटचा शब्द बाईंचा असतो. त्यांनी सांगितलं की पंखांच्या मागे बसू नये, पंखांच्या पुढे बसू नये आणि पंखांवर तर मुळीच नको. तळमजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर. ते स्वतः कधी कुठे गेले नाहीत, पण जगातल्या सगळ्या शहरांचे शिक्के त्यांच्या हाताखालून गेले आहेत. त्या शहराची पत्रं नेहमी ओलसर यायची, तेव्हा छत्री न्या, असं त्यांचं म्हणणं. एकटी बाई म्हणून पासपोर्ट कुठे शिवावा यावर दोघांचं वाजलं. पायलटची आई म्हणाली अस्तरात, पोस्टमास्तर म्हणाले उशीत. माझी उशी इथेच राहणार, हे मी दोनदा सांगून पाहिलं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं, की या वयात एकटीने जाणं बरं दिसत नाही. माझं वय कुणी विचारलं नाही, सगळ्यांना ते पाठच आहे.

व्हिसाच्या ऑफिसातली गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. जाण्याचं कारण या रकान्यात मी "अग्निशमन संग्रहालय पाहणे" असं लिहिलं. खिडकीमागच्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. त्यासाठी कुणी जात नाही, त्या म्हणाल्या, पर्यटन लिहा. मी म्हटलं, खरं कारण हे आहे. त्या म्हणाल्या, खरं असलं म्हणून काय झालं. मग रोजचा कार्यक्रम मागितला. तो मी कारखान्यातल्या पद्धतीने केला होता, प्रत्येक दिवसाचा नकाशा, बाहेर पडायचे दोन मार्ग आणि गडबड झाली तर जमायची जागा. एकटीच जाणार तर जमणार कोण, असं त्यांनी विचारलं. याचा मी विचार केला नव्हता, हे कबूल.

त्यावर कडी म्हणजे, घरच्यांची हरकत नाही असं पत्र हवं. मी विवाहित, सज्ञान, चारशे कामगारांना शिट्टीसरशी इमारतीबाहेर काढणारी बाई, आणि मला चिठ्ठी हवी. घरी येऊन मी धुमसत होते. आमच्या ह्यांनी हात पुसले, कागद घेतला आणि लिहिलं, "हरकत नाही." खाली सही. दुसऱ्या दिवशी खिडकीने ते पत्र परत केलं. इतकं छोटं चालत नाही, नीट कारणं देऊन लिहा. मग हे संध्याकाळभर पेन घेऊन बसले, एका रुग्णाची कवळी त्यापायी रखडली. शेवटी पत्र तयार झालं: "माझी पत्नी एकटी जात आहे. मी बराच वेळ विचार केला. हरकत घेण्यासारखं काही सुचलं नाही." खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचायला दिलं, त्यांनी तिसरीला दिलं, आणि मग माझा अर्ज आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

मी हवेत तरंगत घरी आले तर दारात बॅग. वन्सं आल्या होत्या.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. दुसऱ्या गावी मुलगा, सून, नातवंडं अशा भरल्या घरात राहतात आणि कुठेही कुणावर संकट आलं की पहिल्या गाडीने तिथे पोचतात. बाळंतपणं, आजारपणं, घर बदलणं, सगळीकडे वन्सं. यावेळी संकट मी होते. त्यांनी येतानाच स्वतःचा पासपोर्ट आणला होता. मुलाने हौसेने काढून दिलेला, आत एकही शिक्का नसलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. एकटीला कशी सोडायची, मी येते बरोबर, असं त्यांनी जाहीर केलं, आणि पायलटच्या आईकडून शेजारच्या रिकाम्या सीटची बातमीही त्यांना जिन्यातच मिळाली होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते "हं" म्हणाले, पण हा प्रकार माझ्या ओळखीचा नव्हता.

वन्संना थेट नाही म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी तडजोड काढली, आणि तडजोड माझ्या धंद्यातली होती. मी म्हटलं, आपण तालीम घेऊ. कुठलीही गोष्ट आधी करून बघावी, यावर माझा विश्वास आहे. मी आपल्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मला कुणी ओळखत नाही, एका लॉजमध्ये दोन रात्री राहीन. एकटी. तिकडे आपली भाषा कुणाला येत नाही, म्हणून इथेही मी बोलणार नाही, खुणांवर निभावीन. आणि काहीही झालं तरी घरी फोन करणार नाही. जमलं तर मी एकटी जाणार. फोन केला तर वन्संचं तिकीट.

वन्संनी भात कालवता कालवता मान्य केलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी दुपारीच फोन वाजण्याची खात्री दिसत होती. मी लगेच योजना तयार केली, लॉजचा पत्ता, बसचा मार्ग, बाहेर पडायच्या दोन वाटा, जमायची जागा, आणि शिस्तीप्रमाणे ती दर्शनी भागात, म्हणजे फ्रिजवर, लावली. आता वाटतं तिथेच चुकलं. पण योजना दर्शनी भागात न लावणं मला या जन्मी शक्य नाही.

खुणांची सोयही मी केली होती. कारखान्यात भिंतीवर लावायच्या चित्रांच्या पाट्या असतात, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेल्या: पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, बाहेर जाण्याचा मार्ग, प्रथमोपचार. जगात कुठेही कळाव्यात म्हणूनच त्या चित्रांत असतात. त्यांचा गठ्ठा गळ्यात अडकवून आणि मोठी बॅग ओढत मी बसमध्ये चढले. कंडक्टरला नकाशा दाखवला. त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला आणि मग अख्ख्या बसची सभा भरली. परदेशी असाव्यात, असं एकाचं मत पडलं. नाकावरून वाटत नाही, असं दुसऱ्याचं. चपला तर इथल्याच आहेत, एक आजीबाई म्हणाल्या, आणि लगेच त्याच आजीबाईंनी बिचारी म्हणून मला खिडकीची जागा दिली. माझ्या नाकाची इतकी मोकळी चर्चा मी तोंड मिटून ऐकली, आणि सांगते, मला गुदगुल्या होत होत्या. ज्या रस्त्याने मी जन्मात शंभर वेळा गेले असेन तो मी काचेला नाक लावून बघत होते. त्या रस्त्यावर एक घड्याळ असलेला मनोरा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

लॉजमध्ये पोचेपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथे लक्षात आलं की "मला खोली हवी" याची पाटी आमच्याकडे नाही. कारखान्यात झोपणं अपेक्षित नसतं. सगळ्यात जवळचं चित्र होतं ते प्रथमोपचाराचं, त्यात निदान एक माणूस आडवा होता. मी ते मॅनेजरसमोर धरलं. पुढच्या क्षणी मला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, स्वयंपाकघरातून आलेल्या माणसाने माझ्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला आणि मॅनेजर रुग्णवाहिकेचा नंबर शोधू लागला. मी दोन्ही हात हलवले तर ते म्हणाले, झटके येतायत. नाइलाज झाला. मी बॅगेतून ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं.

मॅनेजरने पत्ता वाचला आणि रुग्णवाहिकेचा विचार सोडून दिला. पत्ता याच शहरातला होता. शहरातल्या माणसांना ते खोली देत नाहीत. स्वतःचं घर असताना माणूस लॉजवर येतो म्हणजे घरी काहीतरी बिनसलेलं असतं, आणि मग मागाहून माणसं येतात, आरडाओरडा होतो, बाकीची गिऱ्हाइकं उठून जातात. हे सगळं तो स्वयंपाक्याला समजावून सांगत होता, कारण मला ऐकू येत नाही अशी त्याची खात्री होती. "नवऱ्याने काढली असेल," स्वयंपाकी हळहळून म्हणाला.

तिथे माझा संयम संपला. "मला कुणीही काढलेलं नाही," मी म्हणाले.

दोघंही एक पाऊल मागे सरले. मुकी बाई बोलायला लागली की आनंद व्हायला हवा, पण त्यांना भीतीच वाटली असावी. मी सगळं समजावलं, परदेश, तालीम, वन्सं, रिकामी सीट. जसजशी मी समजावत गेले तसतसा मॅनेजरचा चेहरा आणखी गंभीर होत गेला. तो वाईट माणूस नव्हता. अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "ताई, घरच्या कुणाला तरी फोन लावून द्या. त्यांनी हो म्हटलं की लगेच खोली देतो."

आता बघा. खोली हवी तर घरी फोन. घरी फोन केला तर तालीम गेली, वन्संचं तिकीट आलं. मी फोन हातात घेतला. मला ते शहर दिसत होतं, पितळी खांब दिसत होता, आणि त्या खांबाजवळ उभ्या राहून "हात नको लावूस, गार असेल" म्हणणाऱ्या वन्सं दिसत होत्या. मला रडू यायला लागलं, अगदी खरं. चारचौघांत डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून माणूस वर बघतो, तसं मी वर पाहिलं.

वर भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता. त्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी उठून उभी राहिले. सिलिंडरच्या खाली मागच्या जिन्याचं दार होतं आणि त्या दाराला टेकवून छतापर्यंत गाद्या रचल्या होत्या. माझं रडू कुठल्या कुठे गेलं. सवयीने तोंडातून निघालं, की हे दार आत्ताच्या आत्ता मोकळं झालं पाहिजे, सिलिंडर भरायला गेला पाहिजे, आणि वरच्या मजल्यावर किती माणसं आहेत?

मॅनेजरने स्वयंपाक्याकडे पाहिलं. स्वयंपाक्याने एप्रन काढून खुंटीला टांगला. "मॅडम तपासणीला आल्या आहेत, हे आधी सांगायचं ना," मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, मी तपासणीला आलेले नाही. तो म्हणाला, बरोबर आहे. मी शपथेवर सांगितलं. तो म्हणाला, तसं सांगावंच लागतं, आम्हाला कल्पना आहे. खरं बोलून इतका अविश्वास माझ्या वाट्याला आधी कधी आला नव्हता. मी जितकं नाकारलं तितकी खोली मोठी होत गेली, आणि अखेर कोपऱ्यावरची, दोन खिडक्यांची खोली मिळाली. किल्लीला लाकडाचा एवढा मोठा ठोकळा होता, हरवू नये म्हणून.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मी दार उघडलं, आत गेले, बाहेर आले, कुलूप लावलं, पुन्हा उघडलं. कुणी बघत नव्हतं म्हणून आणखी एकदा. मग नकाशा घेऊन परक्या शहरात निघाल्यासारखी निघाले. मनोऱ्याखालच्या बाकावर बसले. एका दुकानात काही न घेता सगळं पाहिलं. कुणी विचारलं नाही, उशीर का झाला, जेवायला काय करायचं, माझा चष्मा कुठे आहे. अंधार पडायच्या आत परत आले, ठोकळा पर्समधून काढला आणि दार उघडलं. मी खूप खूश होते. आपल्याला हे इतकं आवडेल याची मला थोडी लाजही वाटली.

सकाळी मॅनेजर दाराशी हजर. गाद्या हलवल्या होत्या, जिना धुतला होता. आता मॅडमनी एकदा तालीम घेऊन दाखवावी, म्हणजे वर कळवायला बरं. मी वर काहीही कळवणार नव्हते. पण तालीम घ्या म्हटल्यावर मला नाही म्हणता आलं असतं तर मी आज वेगळ्या हुद्द्यावर असते. स्वयंपाक्याने परात बडवली. मी जिन्यात उभी राहून शिट्टी फुंकली, पळू नका, ढकलू नका, सामान घेऊ नका. माणसं भराभर खाली आली, दाढीचा फेस लावलेला एक विक्रेता, एक नवं जोडपं, परीक्षेला आलेल्या दोन शिक्षिका. सगळ्यांना समोरच्या चष्म्याच्या दुकानापुढे उभं केलं आणि मी डोकी मोजायला लागले.

शेवटचं डोकं टॉवेलमध्ये गुंडाळलेलं होतं आणि त्याच्यापुढे वर्तमानपत्र धरलेलं होतं. वर्तमानपत्र उलटं होतं. माझी नजर खाली गेली. त्या चपला मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक अडचणीत आमच्या दाराबाहेर बघत आले आहे.

"वन्सं?"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. त्यांच्याकडे दुसऱ्या गावचं ओळखपत्र, त्यामुळे खोली बिनबोभाट मिळाली होती. पत्ता फ्रिजवरच होता. मी बसमध्ये नाकाची चर्चा ऐकत होते तेव्हा त्या रिक्षाने माझ्या आधी पोचल्यासुद्धा होत्या.

माझा असा संताप झाला, की चष्म्याच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. मी म्हटलं, माझ्यावर पाळत? हाताखाली चारशे माणसं असलेल्या बाईवर? मी फोन केला की नाही हे बघायला आलात ना, मग सांगा, केला का? वन्सं टॉवेल सोडून केस पुसत राहिल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही तसंच्या तसं आठवतं.

"मी कुठे पाहिलं. पाळत ठेवायलाच आले होते अगं. पण खोलीत गेले, दार लावलं आणि पलंगावर बसले. चहा मागवला, तो कुणीतरी आणून दिला. मग परत मागवला. पंखा हवा तेव्हा लावला, नको तेव्हा बंद केला. खिडकीतून रस्ता बघत बसले तर संध्याकाळच झाली. तू आलीस कधी, गेलीस कधी, मला पत्ता नाही." त्यांच्या मुठीत लाकडी ठोकळा होता. तालमीत सामान घ्यायचं नसतं, पण तो त्यांनी सोडला नव्हता. "या वयापर्यंत माझ्याकडे कधी खोलीची किल्ली नव्हती."

ज्या बाईंना मी संकट समजत होते, त्या आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपल्या होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. राग गेला. आणि असं झालं की माणूस करतो तेच मी केलं, भरीला पडले. म्हटलं, वन्सं, चला तुम्ही. खरंच चला माझ्याबरोबर. सीट रिकामी आहे.

त्यांनी जोरात मान हलवली. "तुझ्याबरोबर नाही यायचं मला. दोघी गेलो की किल्ली तुझ्याकडे राहील."

"मग?"

"मी माझी जाईन."

आणि काय सांगू, मी तोंड उघडलं तर आतून पायलटची आई बाहेर आली. एकट्या? या वयात? पासपोर्ट कुठे ठेवाल? खाण्यापिण्याचे हाल होतील, पाय घसरला तर? छत्रीसुद्धा निघाली, पोस्टमास्तरांची. मी बोलतेय आणि मलाच ऐकू येतंय, पण थांबता येईना. वन्संनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढंच कर, माझा पत्ता फ्रिजवर लावू नकोस."

माझ्या तालमीची दुसरी रात्र मी ठरल्याप्रमाणे काढली. वन्संनीही काढली, त्यांच्या खोलीत. आम्ही एकमेकींकडे गेलो नाही. जेवणघरात समोरासमोर आलो तेव्हा अनोळखी बायकांसारख्या मान लववून पुढे गेलो आणि मला हसू आवरेना. निघताना मॅनेजरने दोघींना सलाम केला. त्या दुसऱ्या खोलीतल्या मॅडमही तपासणी खात्याच्याच होत्या हे आपल्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं, असं त्याने मला हळूच सांगितलं.

मग व्हिसा आला. मी जायच्या दिवशी आमचे हे विमानतळापर्यंत आले, हीच त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट, कारण काचेतून विमानं दिसतात. पायलटची आई आणि पोस्टमास्तर निरोपाला आले होते, छत्रीसकट. वन्सं नव्हत्या. त्या आदल्या दिवशीच कुठेतरी निघून गेल्या होत्या. कुठे ते सांगितलं नव्हतं, माझ्या पाट्यांचा गठ्ठा तेवढा मागून नेला होता. मी रांगेतून फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. उत्साहाने मला आदल्या रात्री झोप नव्हती, पितळी खांब डोळ्यांपुढे होता, आणि तरी मी दारातून मागे वळले.

"अहो," मी म्हटलं, "वन्सं एकट्याच गेल्यात. फोन उचलत नाहीत. काय करायचं?"

ह्यांनी थोडा विचार केला. "हरकत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशात हात घातला आणि काहीतरी माझ्या मुठीत कोंबलं. "आल्यावर बेल नको वाजवूस. उघडून ये," असं म्हणून ते काचेकडे पाठ करून चालायला लागले. इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. मी मूठ उघडून बघायच्या आत रांगेने मला पुढे ढकललं, आणि हातातलं मी न बघताच पर्समध्ये टाकलं.

तपासणीच्या यंत्रातून माझी पर्स गेली आणि अडकली. अधिकाऱ्याने मला बाजूला बोलावलं, पडद्यावर काहीतरी विचित्र दिसतंय म्हणाला, आणि पर्स उघडून ते बाहेर काढलं. नवी कोरी किल्ली होती, आमच्या घराची, आणि हरवू नये म्हणून तिला कडीत ओवलेली एक दाढ होती. गुलाबी हिरडीसकट, सुबक, घासून घासून चकचकीत केलेली.

अधिकाऱ्याने ती चिमटीत धरली. "हे काय आहे? कुणाचं आहे?"

"दाढ कुणाची ते माहीत नाही," मी म्हणाले. "किल्ली माझी आहे."